कॅमेऱ्यात बिघाड सापडत नाही

१० नोव्हेंबर, सोमवार

आज माझ्यावर जो अन्याय झाला त्याची नोंद इतिहास घेणार नाही, म्हणून निदान या वहीने घ्यावी. सकाळी दुकान उघडायला गेलो तर दुकानाची पाटी गायब. चोरीला गेली नव्हती, झाकली गेली होती. एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस आहे, आणि भावी माणसाचा वाढदिवस सध्याच्या माणसाच्या पाटीवरच साजरा करायचा असतो. माझ्या वडिलांनी, भाऊंनी, हौसेने रंगवून घेतलेल्या ‘पोर्ट्रेट फोटो स्टुडिओ, मुलुंड पूर्व’ या अक्षरांपैकी आता फक्त ‘पूर्व’ दिसतं. गिऱ्हाइकाला निदान दिशा कळेल.

बॅनरवर शुभेच्छुकांचे चेहरे आहेत, सगळे एकाच कणकेच्या गोळ्यातून लाटलेले. खालच्या रांगेतल्या दादूला मी ओळखतो, नाक्यावर रिक्षा लावतो. चांगला सावळा माणूस, बॅनरवर गुलाबी. कुणी केलं असेल हे काम? लाज वाटायला हवी. फोटोग्राफी ही कला आहे, भिंतीला पुट्टी मारणं नव्हे.

विसरायच्या आधी: दुपारी प्रेमा वहिनी दुकानात येऊन गेल्या. आमच्याच बिल्डिंगमधल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या. नवरा गेल्यावर पोरीला एकटीने वाढवलं. पोरगी जान्हवी अंधेरीला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. दिवाळीआधी तिचा स्थळासाठीचा फोटो मीच काढला होता.

“भावोजी, जानूच्या फोटोत काय केलंत तुम्ही?”

“का? काय झालं?”

“काल बोरिवलीची मंडळी बघायला आली होती. म्हणतात, फोटोतली वेगळी आणि समोरची वेगळी.”

“वहिनी, डिजिटलचं असंच असतं हो. कॅमेऱ्याचं सेटिंग असेल.”

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “जानूने सांगितलं होतं काय तुम्हाला, गोरं करा म्हणून?”

“नक्की आठवत नाही,” मी म्हटलं. “हल्लीच्या मुली सांगतात हो असं.”

त्यांनी मान डोलावली आणि गेल्या. सुटल्यासारख्या दिसल्या. मीही.

बॅनरबद्दल उद्या वॉर्ड ऑफिसात तक्रार करायची.

११ नोव्हेंबर, मंगळवार

माझी बायको जयंती शाळेत शिकवते, त्यामुळे बिल्डिंगमधल्या बातम्या तिला तपासून, चुका दुरुस्त होऊन मिळतात. रविवारी झालं ते असं. मुलाच्या आत्याने मोबाइल काढला, जान्हवीचा फोटो उघडला आणि मोबाइल सरळ तिच्या गालाशी धरला. साडीच्या दुकानात ब्लाउजपीस मॅच करतात तसा. सगळ्यांसमोर. वर म्हणाली, “आम्हाला रंगाचं काही नाही हो, पण फसवणूक नको.”

जान्हवी उठली आणि म्हणाली, “पोहे घ्या ना. त्यांना फिल्टर नाहीये.”

मंडळी गेली. काल संध्याकाळी मायलेकींचं वाजलं. वहिनी म्हणाल्या, तूच सांगून फोटो गोरा करून घेतलास, अनंत भावोजी स्वतः म्हणाले. जान्हवी म्हणाली, मी असलं काही सांगितलं नाही. मग बॅग भरून मैत्रिणीकडे निघून गेली, अंधेरीला.

“तुम्ही म्हणालात असं?” जयंतीने विचारलं.

“मी म्हणालो, आठवत नाही.”

“मग आठवा.”

एवढं बोलून ती वह्या तपासायला बसली. लाल पेन माझ्यापासून हातभर अंतरावर होतं.

इतकी वर्षं डिजिटल कॅमेरा वापरतोय, पण त्याच्या आत काय चालतं ते कधी बघितलं नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीत होतं. आज पिशवी फाडली. निव्वळ जिज्ञासा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं!

कॅमेऱ्याला रंग कळत नाही, माणूस कळत नाही, त्याला नुसता उजेड मोजता येतो. आणि त्याचा एक ठाम समज असतो: जगातली प्रत्येक गोष्ट सरासरीने करडी आहे. समोर काळं आलं की त्याला वाटतं अंधार पडला, आणि तो फोटो उजळ करतो. पांढरं आलं की त्याचे डोळे दिपतात, मग तो काळोख करतो. सगळ्यांना ओढून-ताणून मधल्या रंगावर आणायचं, हा त्याचा धर्म. वधूवर सूचक मंडळातच शोभला असता.

म्हणजे हिशेब सोपा. सावळी मुलगी समोर बसली, कॅमेऱ्याला वाटलं अंधार, त्याने तिला उजळ केलं. यात मी काय केलं? मी फक्त बटण दाबलं. उगाच आठवडा खराब झाला.

जयंतीला सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, पोळी तव्यावर उलटली आणि म्हणाली, “मग जा ना खाली, सांगा प्रेमा वहिनींना.”

“प्रयोग केल्याशिवाय बोलणं शास्त्रीय नाही,” मी म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रयोगाला अस्सल काळी वस्तू हवी, म्हणून सकाळीच स्कूटर काढून आरे कॉलनीत गेलो. तिथल्या गोठ्यात म्हशी. गिऱ्हाईक म्हणून म्हैस उत्तम. तिला स्थळ बघायचं नसतं, त्यामुळे ती लाजत नाही, हलत नाही, आणि मागे तिची आई उभी नसते.

कॅमेरा ऑटोवर ठेवून पहिला फोटो काढला. म्हैस राखाडी आली! पुस्तक खरं बोलत होतं. मला इतका आनंद झाला की गोठ्यातल्या माणसाने विचारलं, “क्या साब, खरीदना है क्या?”

तिच्या पाठीवर एक बगळा बसला होता. त्याचा मात्र फोटोत नुसता पांढरा डाग झाला. पीस नाही, मान नाही, काही नाही. कॅमेऱ्याच्या आत प्रत्येक ठिपक्यासाठी एक वाटी असते असं समजायचं. तिच्यात उजेड साठतो. जास्त झाला की वाटी भरते, आणि वरून वाहून गेलेला परत मिळत नाही. उलट उजेड कमी करून काढलेल्या काळ्याकुट्ट फोटोत, नंतर उजळून बघितल्यावर, म्हशीच्या शिंगांवरच्या रेघासुद्धा सापडल्या. अंधारात माहिती असते. चकचकाटात ती जळून जाते.

खूश होऊन परत निघालो. पवईच्या सिग्नलला एक गोष्ट डोक्यात आली. स्टुडिओत मी मोठे फ्लॅश लावतो. फ्लॅशचं माप, कॅमेऱ्याचं माप, सगळं मी हाताने ठरवतो. तिथे कॅमेऱ्याला अंधार आहे की उजेड, हे कोणी विचारतच नाही. त्याने मत द्यायचा प्रश्नच नाही.

मागची रिक्षा हॉर्न वाजवत होती. सिग्नल कधीच सुटला होता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

विशेष काही नाही. बॅनरवरच्या भावी साहेबांच्या कपाळावर कावळ्याने अभिप्राय दिला आहे. वॉर्ड ऑफिसपेक्षा तत्पर.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कॅमेरा बिघडला असण्याची शक्यता उरते. घाटकोपरला हर्षदकडे नेला. हर्षद माझा कॉलेजपासूनचा मित्र, कॅमेरे दुरुस्त करतो.

“काय होतंय रे ह्याला?”

“रंग चुकवतो.”

“कुठला?”

“माणसांचा.”

त्याने कॅमेरा उघडला, पुसला, रंगांच्या तक्त्यांचे फोटो काढले, स्क्रीनवर मोठे करून बघितले. “मशीन झकास आहे यार. ने घरी.”

“नीट बघ ना. एखादा बारीकसा दोष?”

“नाहीये रे.”

“जुना झालाय तो.”

“तूही झालायस. अन्या, कॅमेरा चांगला आहे ऐकून सुतक आल्यासारखं तोंड करणारं पहिलं गिऱ्हाईक बघतोय मी. प्रॉब्लेम काय आहे तुझा?”

मी म्हटलं, कॅमेरा रंग ओळखतो कसा ते तरी सांग. त्याने चहा मागवला आणि सांगितलं. आतल्या प्रत्येक ठिपक्यावर एका रंगाची काच असते, लाल, हिरवी किंवा निळी. म्हणजे एक ठिपका एकच रंग बघतो. बाकीचे दोन रंग तो आजूबाजूच्या ठिपक्यांना विचारून ठरवतो.

“म्हणजे शेजाऱ्यांकडे चौकशी करून?”

“हां, तसंच.”

मुलीचा रंग शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून ठरवायची पद्धत आपलीच आहे असं मी समजत होतो. ती परदेशी कॅमेऱ्यातही आहे. माझ्या अंगात पुन्हा बळ आलं. “मग हा अंदाज चुकत असेल ना?”

“केसांच्या टोकाशी, साडीच्या बारीक जरीत, थोडाफार. अख्खा चेहरा नाही चुकत. शेजारी काय सगळेच खोटं बोलतात का?”

तो सहज बोलला. चहा कडू होता. अर्धा टाकला.

निघताना त्याने विचारलं, “रॉ फाईल ठेवतोस ना रे? त्यात बघ. तिथे सगळं कळतं.” मी हो म्हटलं आणि विषय बदलला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

जान्हवी दुकानात आली. घरून कपडे न्यायला आली होती, आई बाजारात जायची वेळ साधून. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

“काका, मी सांगितलं होतं तुम्हाला, मला गोरं करा म्हणून?”

“त्याचं असं आहे जान्हवी, कॅमेऱ्यात प्रत्येक ठिपक्यावर एक रंगीत काच असते, आणि तो बाकीचे रंग...”

“काका. मी कॅमेऱ्याबद्दल नाही विचारत.”

रस्त्यावरून टेंपो गेला. तो जाईपर्यंत थांबायला मिळालं.

“नाही,” मी म्हटलं. “तू नव्हतं सांगितलंस.”

“मग कोणी सांगितलं?”

माझ्याकडे न बघता ती समोरच्या आरशाकडे बघत होती. गिऱ्हाइकं फोटोआधी केस सारखे करतात तो आरसा.

“कोणीच नाही.”

“ओके.” तिने बॅग खांद्यावर घेतली. “हा चेहरा घेऊन मी रोज ऑफिसला जाते. तिकडे कोणालाच प्रॉब्लेम नसतो. तुमच्या खुर्चीत बसले आणि प्रॉब्लेम झाला. आईला सांगाल, मी सांगितलं नव्हतं म्हणून? माझं ती ऐकत नाही.”

“सांगतो ना. बघतो.”

“बघतो नको काका. सगळे खूप बघून गेलेत.”

गेली. जीभ तिखट आहे पोरीची. एरवी मला तिखट जिभा आवडतात.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज रॉ फाईल उघडली.

आमचा कॅमेरा प्रत्येक फोटो दोनदा ठेवतो. एक नटूनथटून तयार झालेला. त्यात रंग, चमक, धार सगळं कॅमेराच भरतो. दुसरा म्हणजे रॉ. नुसती आंघोळ करून बाहेर आलेल्या माणसासारखा. सेन्सरवर, म्हणजे आतल्या त्या ठिपक्यांवर, जेवढा उजेड पडला तेवढाच, कसलंही पावडर-कुंकू नाही. तो जड असतो, मी तो कधी उघडत नाही.

त्यात जान्हवी होती. परवा दुकानात आली होती तीच. गालाचा रंग तोच, डाव्या भुवईजवळचा लहानपणीचा व्रण तोच. जराही चूक नाही. शेजारी कॅमेऱ्याचा तयार फोटो उघडला. त्यातही तीच होती, थोडी चमकदार.

मग मी वहिनींना पाठवलेला फोटो उघडला. त्यात कोणीतरी दुसरीच होती.

माझ्या कॉम्प्युटरवर एक बटण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मीच बनवलं. ते दाबलं की चेहरा उजळतो, डोळ्याखालचं काळं जातं, नाक किंचित बारीक होतं. त्याचं नाव मीच ठेवलंय, ‘स्थळ’. ते दाबल्याचं मला आठवत नाही. हे खरं आहे. या वहीत तरी खोटं कशाला लिहू? देवळासमोरून जाताना हात आपोआप छातीशी जातो, आपण थोडंच लक्षात ठेवतो? तसा माझा हात त्या बटणावर जातो. कोणती मुलगी आली की जातो, हेही हाताला बरोबर कळतं.

कॅमेरा निर्दोष सुटला. दुसरा संशयित नाही, कारण दुकानात मी एकटाच असतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आम्ही तिसऱ्या मजल्यावर, प्रेमा वहिनी दुसऱ्यावर. सध्या मी लिफ्ट वापरतो. आज लिफ्ट बंद होती. वहिनींचं दार सताड उघडं. मी मोबाइल कानाला लावला आणि ‘हो हो, हो हो’ करत वर आलो. पलीकडे कोणी नव्हतं.

जयंतीने आज माळ्यावरून आमच्या लग्नाचा अल्बम काढला. फोटो भाऊंनी काढलेले. ते निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवायचे, म्हणजे छापल्यावर चेहरा उजळ दिसायचा. त्या काळातली मोठी कला.

“तुमचं लग्न कोणाशी झालंय ते बघा तरी,” ती हसून म्हणाली आणि अल्बम माझ्यापुढे धरला.

मी म्हटलं, पानांना बुरशी धरतेय, ऊन दाखवायला हवं. तिने अल्बम मिटला आणि परत माळ्यावर टाकला. कामाच्या दिवशी मध्येच माळा आवरायचं तिच्या कुठून डोक्यात आलं, कोण जाणे.

मला बोलायचंय. रोज ठरवतो. वाक्य तयार आहे, पाठ आहे. त्याला फक्त तोंड मिळत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

गेलो.

वहिनी विळीवर नारळ खवत होत्या. “बसा,” म्हणाल्या. मी उभाच राहिलो. बसलो असतो तर हवापाण्याच्या गप्पा झाल्या असत्या.

“वहिनी, जान्हवीने मला काही सांगितलं नव्हतं. फोटो मी माझ्या मनाने गोरा केला. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो.”

त्यांचा हात चालूच होता. “आणि कॅमेरा?”

“कॅमेऱ्याने ती होती तशीच काढली होती.”

वहिनी घाबरल्या किंवा हळव्या झाल्या की मालवणीत शिरतात. “माका म्हायत होतां,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“जानू खुर्चीत बसलेली. मी मागे उभी. तुमका म्हटलंय, चांगलो काढा हां. आणि असां केलंय.” खोबऱ्याने भरलेला हात त्यांनी स्वतःच्या गालावरून, गालाला न लावता, वरून खाली फिरवला. “तुम्ही मान हलवलीत. आठवता?”

आठवलं. या वहीत लिहिलं नाही, पण आठवत होतं. सगळ्याच आया ‘चांगला काढा’ म्हणतात. गोरा हा शब्द माझ्या दुकानात आजवर कोणी उच्चारला नाही. उच्चारावा लागत नाही.

“समोर आरसा आहे माझ्या दुकानात,” मी म्हटलं.

खवणं थांबलं. “तिने बघितलं. म्हायत आहे माका. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्या बाईने मोबाइल गालाला लावला तेव्हापण माझं नाव नाही घेतलं तिने.”

“मग तुम्ही माझ्याकडे येऊन विचारलंत ते?”

“वाटलं, तुम्ही माझं नाव घ्याल. तुम्ही तिचं घेतलंत.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. खोबरं गालाला लागलं. “बरं वाटलं हो भावोजी. सांगायची लाज वाटते, पण त्या वेळी बरं वाटलं.”

म्हणजे मी आणि वहिनी, दोघांनी मिळून, एक शब्दही न ठरवता, सगळं त्या मुलीवर ढकललं होतं. आणि ती दोघांचीही नावं गिळून मैत्रिणीच्या खोलीत राहत होती. त्या दिवशी दुकानात ‘मग कोणी सांगितलं’ हे तिने माहीत नव्हतं म्हणून विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, “तुम्ही हात फिरवला नसता तरी मी तेच केलं असतं.” बटणाचं नावही सांगितलं. त्यांना हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

हात धुऊन त्यांनी फोन लावला. “जानू, अनंत भावोजी आलेत... नाय गे, ते बोलले सगळं. आता माका बोलूचा आहे. ठेव नको.”

मी दार ओढून घेतलं आणि जिन्याने वर आलो. एवढ्या एका वाक्यासाठी मी आरेच्या म्हशीपर्यंत जाऊन आलो होतो.

३ डिसेंबर, बुधवार

जयंती सांगते, जान्हवी काल बॅग घेऊन घरी आली. मायलेकी अजून मोजकंच बोलतात, पण एका ताटात भाजी निवडताना दिसल्या.

मी रॉ फाईलवरून जान्हवीचा फोटो छापून ठेवला होता. काही न करता. छान आला होता. पाकिटात घालून तिच्या घरी नेऊन द्यायचा, ती बघेल, जरा हसेल, असा बेत होता. दुपारी तिचा मेसेज आला.

“काका, आईने सांगितलं. तो फोटो डिलीट करा. दोन्ही. मला कुठलाच नको.”

आभार नाहीत, राग नाही. खरा फोटो बघून ती खूश होईल हे मीच परस्पर ठरवलं होतं. तिच्या चेहऱ्याचं काय करायचं हे पुन्हा एकदा मी तिला न विचारता ठरवत होतो. छापलेला फोटो फाडला, बारीक तुकडे केले. कॉम्प्युटरवरच्या प्रती काढल्या. ‘स्थळ’ बटणही काढलं. मग कॅमेऱ्यातल्या कार्डावरून दोन्ही फोटो पुसले.

पण आता मला जास्त कळतं, ही पंचाईत आहे. डिलीट केलं म्हणजे फोटो जात नाही. कार्ड फक्त त्याचं नाव यादीतून काढतं आणि ती जागा मोकळी समजतं. फोटो तिथेच पडून असतो. कोणी शोधायला बसला तर काढूही शकतो. त्याच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं, तरच तो खरा जातो.

जान्हवीला हे माहीत नाही. तिच्या दृष्टीने काम झालं होतं. तिला कळवायची गरज नव्हती.

कार्डावर जुनी कामं होती ती उतरवून घेतली, कार्ड पूर्ण रिकामं केलं, आणि स्टूल घेऊन दुकानाच्या दारात बसलो. समोरून जो जाईल त्याचा फोटो. केळीवाली, शाळेची बस, कुत्रा, पेन्शनीतली दोन भांडखोर माणसं, पुन्हा तोच कुत्रा. दादू रिक्षातून ओरडला, “काय अनंतशेठ, पिच्चर काढताय का?”

“कार्ड भरतोय,” मी म्हटलं. ते त्याला कळलं नाही. बोट दुखायला लागल्यावर हात बदलला. जयंती शाळेतून येताना थांबली, काही न विचारता स्टुलाशेजारी उभी राहिली. तिचाही एक काढला. तिने पदर सारखा केला नाही, मीही सांगितलं नाही.

दिवे लागायच्या सुमारास कॅमेऱ्याने कळवलं की जागा संपली. मी जान्हवीला लिहिलं, “झालं.”

तिने वाचलं. उत्तर आलं नाही. यायला हवं असंही नाही.